लिक्विड क्रिस्टल की इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह पदार्थ? ऑप्टिकल उपकरणांवर संशोधन करू पाहणाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. फिजिक्स झालंय, पीएच.डी.ला नाव नोंदवायचंय आणि गाईडनी दोन वाटा पुढे ठेवल्यात. एक लिक्विड क्रिस्टलची (द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची दिशा ठरलेली असलेले पदार्थ), दुसरी इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह पदार्थांची (विद्युतक्षेत्र दिलं की किंचित लांबणारे), दोन्ही ऑप्टिकल उपकरणांसाठी. यांत फरक काय, करण्यासारखं काय उरलंय, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात, बेताच्या साधनांत, यातलं काय जमेल?

आधी उत्तर देऊन टाकतो. साधनं बेताची असतील तर लिक्विड क्रिस्टल घ्या. विभागात चांगली भट्टी, पेलेट प्रेस आणि सिरॅमिकवर हात बसलेलं कुणी असेल तर इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्हचा विचार करा. पण काहीही घेतलंत तरी ‘आमच्या पदार्थाचा गुणांक (क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) सगळ्यांत मोठा’ या शर्यतीत उतरू नका. उपकरण बनवणारा माणूस गुणांक नंतर बघतो. तो आधी विचारतो, व्होल्टेज काढल्यावर हा पदार्थ जिथे होता तिथेच परत येतो का? उद्या येतो का? खोलीचं तापमान पाच अंशांनी वाढलं तरी येतो का? शोधनिबंधांत या प्रश्नांना फार कमी जागा मिळते, आणि म्हणूनच नव्या माणसाला तिथे काम आहे.

दोन्हींत एक मोठं साम्य आहे. दोघेही विद्युतक्षेत्राच्या वर्गाला प्रतिसाद देतात. क्षेत्राची दिशा उलटी केली तरी परिणाम तोच राहतो. नेहमीचा नेमॅटिक लिक्विड क्रिस्टल (लांबट रेणू एकाच दिशेला, पण जागा ठरलेली नाही) घ्या: क्षेत्रामुळे रेणूंत द्विध्रुव प्रेरित होतो आणि त्याच क्षेत्रामुळे तो वळतो, म्हणून वर्ग. इलेक्ट्रोस्ट्रिक्शनमध्ये पदार्थाची विकृती (आकारातला बदल) ध्रुवीकरणाच्या (क्षेत्रामुळे आतले प्रभार सरकण्याच्या) वर्गाच्या प्रमाणात असते. पीझोइलेक्ट्रिक पदार्थ मात्र क्षेत्राची दिशा ओळखतो. उलटं क्षेत्र दिलं की लांबण्याऐवजी आखूड होतो. त्यामुळे ५०० हर्ट्झचं साइन व्होल्टेज दिलं तर पीझो ५०० हर्ट्झला हलतो आणि इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह १००० हर्ट्झला. ही दुप्पट वारंवारता पुढे फार उपयोगी पडते आणि तितकीच फसवतेही. त्याकडे नंतर येतो.

फरक असा, की नेमॅटिकमध्ये रेणू वळतात, जाडी तीच राहते आणि प्रकाशाला भेटणारा अपवर्तनांक बदलतो. इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह सिरॅमिकमधून प्रकाश सहसा जातच नाही. ते स्वतः किंचित लांबतं आणि त्यावर टेकवलेला आरसा सरकवतं. पहिल्याला पाच-दहा व्होल्ट पुरतात. दुसऱ्याला मीटरला दहा लाख व्होल्टच्या घरातलं क्षेत्र लागतं, म्हणून ते पातळ थरांची चळत करून वापरतात.

लिक्विड क्रिस्टलचा इतिहास सगळीकडे मिळतो, तो उगाळत नाही. १८८८ मध्ये प्राग इथे वनस्पतिशास्त्रज्ञ राइनिट्झरला कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं, एकदा १४५.५ अंशांना आणि पुन्हा १७८.५ अंशांना, तिथून सुरुवात. आपल्या देशाचा त्यातला वाटा मात्र माहीत असू द्या. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंची लिक्विड क्रिस्टल अवस्था पहिल्यांदा दाखवली. एलसीडीचा पडदा बाजूने पाहिला की रंग बिघडायचे. ते सुधारण्यासाठी पुढे जी फिल्म आली, ती याच जातीच्या रेणूंची होती.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय असतं ते पाहू. आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक थर) लावलेल्या दोन काचा, आतून पॉलिइमाइडचा पातळ थर, तो मखमलीच्या कापडाने एकाच दिशेला घासलेला, मध्ये दहा मायक्रॉनचे स्पेसर (अंतर राखणारे कण); हा झाला सेल. पॉलिइमाइड परवडत नसेल तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल चालतं. ते पाण्यात विरघळतं, भाजायला फार तापमान लागत नाही आणि शिकण्यापुरतं उत्तम काम देतं. रिकाम्या सेलची जाडी आधी मोजा. स्पेसरच्या बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. स्पेक्ट्रोमीटरमध्ये रिकामा सेल धरला की दोन काचांमधल्या हवेच्या थरामुळे लहरी दिसतात, आणि शेजारच्या दोन शिखरांच्या तरंगलांबींवरून जाडी निघते. मग पदार्थ तापवून, पूर्ण द्रव अवस्थेत, केशाकर्षणाने आत ओढून घ्या आणि सावकाश थंड करा.

पदार्थ म्हणून ५सीबी घ्या. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेल्या सायनोबायफेनिल कुळातल्या पदार्थांपैकी हा सगळ्यात परिचित. त्याच्या दोन अपवर्तनांकांतला फरक, म्हणजे बायरेफ्रिंजन्स, साधारण ०.१८. दहा मायक्रॉनच्या सेलमध्ये त्याने १.८ मायक्रॉनचं अंतर पडतं, हीलियम-निऑन लेसरच्या भाषेत जवळजवळ तीन तरंगलांबी. सेल आडव्या-उभ्या पोलरायझरांच्या (एकाच दिशेच्या कंपनाचा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये ४५ अंशांत ठेवा आणि व्होल्टेज हळूहळू वाढवा. पाऊण व्होल्टपर्यंत काहीच होत नाही. तो फ्रेडरिक्सचा उंबरठा, आणि गंमत म्हणजे तो सेलच्या जाडीवर अवलंबून नसतो. तो ओलांडला की फोटोडायोडवरचा प्रकाश चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. पहिल्या लाटा भराभर येतात, शेवटची मात्र संपता संपत नाही. दहा व्होल्टलाही थोडी शिल्लक राहते, कारण काचेला चिकटलेले रेणू वळायला तयार नसतात. हा एक आलेख नीट काढता आला की उंबरठ्यावरून लवचिकतेचा स्थिरांक आणि लाटांवरून बायरेफ्रिंजन्स, दोन्ही हाती येतात. अर्थात स्थिरांक काढायला दोन दिशांच्या परावैद्युतांकांतला (क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो त्या आकड्यांतला) फरक वेगळा मोजलेला हवा.

आणि इथेच आपल्याकडची पहिली अडचण. ५सीबी साधारण ३५ अंशांना साधा द्रव होतो. जळगाव, नांदेड, नागपूरकडच्या एसी नसलेल्या प्रयोगशाळेत मे महिन्यात तुमच्या सेलमध्ये लिक्विड क्रिस्टल नसतंच; पोलरायझरांमध्ये काळोख, व्होल्टेज कितीही द्या. उलट डिसेंबरच्या पहाटे २२-२३ अंशांच्या खाली ते गोठू शकतं. म्हणून ई७ वापरा. हे चार घटकांचं मिश्रण आहे, निम्मं ५सीबीच, पण साठ अंशांच्या आसपासपर्यंत नेमॅटिक राहतं. तरीही तापमान नियंत्रित करावंच लागेल. बायरेफ्रिंजन्स तापमानाबरोबर घसरतो आणि द्रव होण्याच्या तापमानाजवळ तर कोसळतोच. परीक्षक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत मी पहिली गोष्ट हीच बघतो, की आलेखावर तापमान लिहिलंय का.

दुसरी अडचण वेगाची. व्होल्टेज दिल्यावर रेणू पटकन वळतात, कारण जोर लावता येतो. परत येताना मात्र त्यांना स्वतःच्या लवचिकतेवरच यावं लागतं आणि लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५सीबीचा पाच मायक्रॉनचा सेल सुमारे ३० मिलिसेकंदांत परततो, दहा मायक्रॉनचा १३० मिलिसेकंदांत. इन्फ्रारेडसाठी उपकरण करायचं तर तरंगलांबी दुप्पट, म्हणून जाडी दुप्पट, म्हणून वेळ चौपट. मागे आरसा लावून प्रकाश दोनदा आणला की निम्मी जाडी पुरते आणि वेळ पावपट होतो. सिलिकॉनवरचे लिक्विड क्रिस्टल मॉड्युलेटर (प्रकाशात हवा तसा बदल करणारी उपकरणं) परावर्तन पद्धतीचे असतात, त्याचा हा एक मोठा फायदा.

तिसरी अडचण सगळ्यांत दुर्लक्षित, ती म्हणजे आयन. पदार्थ कितीही शुद्ध असला तरी त्यात थोडे आयन असतातच. डीसी व्होल्टेज दिलं की ते इलेक्ट्रोडपाशी जमतात आणि आतलं क्षेत्र खातात. उंबरठा सरकल्यासारखा वाटतो, व्होल्टेज काढल्यावरही आकृतीचं भूत रेंगाळतं. म्हणून एक किलोहर्ट्झच्या आसपासचं चौकोनी व्होल्टेज वापरतात, आणि फंक्शन जनरेटरचा डीसी ऑफसेट मल्टिमीटरने तपासून शून्य करतात. नॅनोकण घालून उंबरठा कमी झाल्याचं सांगणारे निबंध वाचताना हे ध्यानात असू द्या. त्यातल्या कितीतरी ठिकाणी कणांनी आयन धरून ठेवले की नवे आयन सोडले, एवढाच खरा प्रश्न असतो, आणि नेमका तोच तपासलेला नसतो.

आता इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्हकडे. इलेक्ट्रोस्ट्रिक्शन प्रत्येक विद्युतरोधकात असतं, काचेतसुद्धा, पण बहुतेकांत नगण्य. अपवाद रिलॅक्सर नावाच्या पदार्थगटाचा, आणि त्यांतला गुरुस्थानी म्हणजे लेड मॅग्नेशियम निओबेट, सगळे पीएमएन म्हणतात. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात क्रॉस, न्यूनहॅम आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास यात लेड टायटनेट मिसळून जे सिरॅमिक दाखवलं, ते मीटरला दहा लाख व्होल्टच्या क्षेत्रात साधारण ०.१ टक्का लांबतं. पीझेडटीसारखा (लेड झिर्कोनेट टायटनेट) नेहमीचा पीझो पदार्थही एवढं देतोच. मग पीएमएन कशाला? पीझेडटीला आधी जबर क्षेत्र देऊन पोल करावं लागतं (आतले द्विध्रुव एका दिशेला लावावे लागतात), त्यातले डोमेन (एकाच दिशेच्या द्विध्रुवांचे कप्पे) पुढे सरकत राहतात, व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना, म्हणजे जाता-येताची, वाट दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळी पडते आणि व्होल्टेज स्थिर ठेवलं तरी तो हळूहळू रांगत राहतो. पीएमएनला पोल करायचं नसतं. योग्य तापमानाला जाता-येताचा फरक दोन-तीन टक्क्यांवर येतो आणि व्होल्टेज काढलं की मूळ जागा पुन्हा सापडते.

याचा उत्तम पुरावा हबल दुर्बीण. १९९० मध्ये ती वर गेली तेव्हा २.४ मीटरच्या आरशाचा आकार कडेला सुमारे दोन मायक्रॉनने चुकलेला निघाला. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जो नवा कॅमेरा बसवला, वाइड फील्ड अँड प्लॅनेटरी कॅमेरा २, त्यात उलट चूक मुद्दाम घडवलेले छोटे आरसे होते. ही युक्ती तेव्हाच चालते जेव्हा मुख्य आरशाची प्रतिमा त्या छोट्या आरशावर अगदी नेमकी पडते. जरा सरकली तर दुरुस्तीच नवा दोष होते. म्हणून प्रकाशाची वाट दुमडणाऱ्या आरशांखाली पीएमएनचे ॲक्च्युएटर (हालचाल घडवणारे तुकडे) बसवले आणि जमिनीवरून आज्ञा देऊन ते किंचित तिरपे करता येतील अशी सोय केली. अवकाशात जाऊन पुन्हा स्क्रू पिळणं शक्य नसतं, तिथे एकदा लावलेली जागा न सोडणारा पदार्थच हवा. नासाच्या रोमन दुर्बिणीतल्या कोरोनाग्राफमध्येही (ताऱ्याचा झगमगाट झाकणाऱ्या उपकरणातही) लवचिक आरसे पीएमएनचेच आहेत, दोन आरसे, प्रत्येकात ४८ गुणिले ४८ म्हणजे २३०४ ॲक्च्युएटर. तेजस्वी ताऱ्याशेजारचा मंद ग्रह दिसावा म्हणून तिथे आरशाचा आकार नॅनोमीटरच्याही खाली सांभाळावा लागतो.

फुकट काही मिळत नाही. पीएमएनचा परावैद्युतांक दहा-वीस हजारांत जातो, म्हणजे धारिता प्रचंड. वेगाने हलवायचं तर ॲम्प्लिफायरला खूप करंट पुरवावा लागतो आणि नमुना गरम होतो. थंडीत जाता-येताचा फरक वाढतो, फार उष्णतेत लांबणंच कमी होतं. वर्गाचा प्रतिसाद कंट्रोल इंजिनिअरला आवडत नाही, म्हणून मध्यावर डीसी बायस (कायमचं ठरावीक व्होल्टेज) देऊन त्याभोवती छोटं व्होल्टेज फिरवतात. मग तो जवळजवळ रेषीय होतो. ०.१ टक्क्याचा हिशेब धरला तर अर्ध्या क्षेत्राच्या बायसवर प्रत्येक व्होल्टला सुमारे एक नॅनोमीटर हालचाल मिळते. नरम पीझेडटीपेक्षा ती जास्तच आहे.

हे सिरॅमिक बनवणं मात्र चिकाटीचं काम आहे. तिन्ही ऑक्साइड (शिसं, मॅग्नेशियम आणि निओबियमची) एकदम मिसळून भाजली तर पायरोक्लोर नावाचा नकोसा फेज तयार होतो आणि परावैद्युतांक घालवतो. १९८२ मध्ये स्वार्ट्झ आणि श्राउट यांनी दिलेली युक्ती आजही चालते: आधी मॅग्नेशियम निओबेट वेगळं बनवा, मग त्यात लेड ऑक्साइड मिसळा. सिंटरिंगला (भुकटी भाजून घट्ट करायला) साधारण १२०० अंश लागतात आणि तिथे लेड ऑक्साइड उडतं, म्हणून झाकलेल्या क्रुसिबलमध्ये लेडयुक्त भुकटीचा वेढा द्यावा लागतो. शिसं विषारी आहे हे वेगळं सांगायला नको, पण फ्यूम हूड चालू नसलेल्या विभागात हे काम सुरू करू नका, गाईड काहीही म्हणोत.

दोन्ही वाटा एकत्र येतात तीही ठिकाणं आहेत, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथे आहे. लिक्विड क्रिस्टलची ब्लू फेज घ्या. यात रेणूंच्या दुहेरी पिळाची काही शे नॅनोमीटरची त्रिमित जाळी असते. क्षेत्र दिलं की दोन गोष्टी घडतात. रेणू जागच्या जागी थोडे वळतात, हा केर परिणाम, मिलिसेकंदाच्या आत पूर्ण होणारा. आणि जाळीच ताणली जाते, हे इलेक्ट्रोस्ट्रिक्शन. ते मंद असतं, परावर्तित रंग सरकवतं आणि पुरतं परतत नाही. म्हणजे ज्या इलेक्ट्रोस्ट्रिक्शनसाठी पीएमएनला अवकाशात नेलं, तेच इथे खलनायक. २००२ मध्ये जपानात किकुची आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरच्या जाळ्याने ब्लू फेज साठ अंशांहून मोठ्या पट्ट्यात स्थिर केली. त्याआधी ती जेमतेम एखाद-दोन अंश टिकायची. २००८ मध्ये सॅमसंगने १५ इंची नमुना पडदाही दाखवला. तरी तो बाजारात आला नाही. जास्त व्होल्टेज आणि पूर्ण न परतणारी जाळी ही त्यामागची मोठी कारणं.

उलट टोकाला जर्मनीतल्या लाइपझिगच्या क्रेमर यांच्या गटाचं २००१ मधलं काम आहे. फेरोइलेक्ट्रिक (क्षेत्राशिवायही स्वतःचं ध्रुवीकरण असलेल्या) लिक्विड क्रिस्टलचे रेणू रबरासारख्या जाळ्यात बांधून, शंभर नॅनोमीटरहून पातळ फिल्म करून त्यांनी मीटरला १५ लाख व्होल्टमध्ये चार टक्के विकृती मोजली. सिरॅमिकच्या चाळीसपट. ऐकायला भारी, पण इतकी पातळ फिल्म चार टक्के बदलली तरी हालचाल चार नॅनोमीटरच्या आतच. जाड फिल्ममध्ये रेणूंची तीच मांडणी टिकवायची कशी, हा प्रश्न उरतोच.

आता ती दुप्पट वारंवारता. इलेक्ट्रोस्ट्रिक्शन मोजायला मायकेलसन इंटरफेरोमीटर (प्रकाशाच्या व्यतिकरणावरून बारीक हालचाल मोजणारा) आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणारा) लावतात आणि दुप्पट वारंवारतेचा सिग्नल वाचतात. पण नमुन्यात करंट जाऊन तो तापला की ती उष्णताही व्होल्टेजच्या वर्गावर चालते, आणि तिच्यामुळे होणारं प्रसरणही दुप्पट वारंवारतेलाच दिसतं. मऊ पॉलिमरमध्ये दोन इलेक्ट्रोड एकमेकांना ओढतात, तेही वर्गानेच. तिन्ही एकाच जागी येऊन बसतात. सोडवायचं तर वारंवारता बदलत जा. उष्णतेचा भाग वाढत्या वारंवारतेला झपाट्याने पडतो. इलेक्ट्रोडच्या ओढीचा भाग परावैद्युतांक आणि लवचिकता वेगळी मोजून वजा करता येतो. शिवाय नमुना एका बाजूने चिकटवला असेल तर तो लांबण्याऐवजी वाकतो आणि एका किरणाचा इंटरफेरोमीटर वाकणंच जाडी म्हणून सांगतो. त्यासाठी दोन्ही पृष्ठभागांवर किरण टाकणारी रचना हवी. एक मिलिमीटरच्या पीएमएन चकतीला एक किलोव्होल्ट दिला तर एक मायक्रॉन, म्हणजे तीन फ्रिंज (व्यतिकरणाच्या पट्ट्या) सरकतात, डोळ्यांनी मोजाव्यात. पॉलिमर फिल्मवर वीस नॅनोमीटरसाठी भांडावं लागतं, तिथे ही काळजी सोडली तर आकडा निरर्थक.

नवं काय, असंही तुम्ही विचारलंय. फेरोइलेक्ट्रिक नेमॅटिक हे आजचं सगळ्यांत गजबजलेलं क्षेत्र. १९१६ मध्ये मॅक्स बॉर्नने कल्पिलेली ही अवस्था २०१७ मध्ये इंग्लंड आणि जपानात स्वतंत्रपणे बनलेल्या दोन रेणूंत सापडली आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटाने त्यांपैकी इंग्लंडच्या रेणूत फेरोइलेक्ट्रिसिटी असल्याचं दाखवून दिलं. तिचा परावैद्युतांक दहा हजारांच्या घरात मोजला गेला, आणि लगेच वाद सुरू झाला, की हा आकडा पदार्थाचा की काचेवरच्या पातळ विद्युतरोधक थराच्या धारितेचा? हा वाद सोडवायला महागडं यंत्र लागत नाही. वेगवेगळ्या जाडीचे सेल आणि काटेकोर मोजमाप लागतं. तुमच्यासारख्या विभागाला जमणारी ही जागा आहे.

दुसरी जागा खगोलशास्त्राच्या बाजूला. उदयपूरच्या सौर वेधशाळेत ५० सेंटिमीटरच्या मास्ट दुर्बिणीवर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र मोजायला लिक्विड क्रिस्टलचे बदलते रिटार्डर (प्रकाशाच्या एका कंपनदिशेला मागे टाकणारे घटक) वापरले जातात. २०२० मध्ये निघालेल्या युरोपच्या सोलर ऑर्बिटरनेही ते अवकाशात नेले. अशा रिटार्डरचं तापमानानुसार बिनचूक कॅलिब्रेशन हा नीरस वाटणारा, पण लगेच उपयोगी पडणारा विषय आहे.

तुमच्या परिस्थितीत मी असं करेन: पहिलं वर्ष ई७ चे सेल. तीन जाड्या, दोन प्रकारचे घासलेले थर, प्रत्येकाचा उंबरठा, लाटा आणि परतीचा वेळ, २५ ते ५० अंशांपर्यंत. त्यासाठी पोलरायझिंग मायक्रोस्कोप, फोटोडायोड, फंक्शन जनरेटर, ऑसिलोस्कोप आणि हॉट स्टेज (नमुन्याचं तापमान सांभाळणारी बैठक) एवढं पुरतं. पैसे एकाच वस्तूला मिळणार असतील तर लेसर जुनाच राहू द्या आणि ०.१ अंश धरून ठेवणारी हॉट स्टेज मागा. दुसऱ्या वर्षी कुठला नवा पदार्थ घालायचा हे गाईडबरोबर ठरवा, पण तोवर त्याच सेलवर आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन आलेख एकमेकांवर बसायला लागलेले असावेत.